वहीचा डावा कोपरा

मोजणीकाका आधी गणित बघत नसत. मुलानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला, की ते तो दोन बोटांनी मोठा करायचे, गणित स्क्रीनच्या बाहेर ढकलायचे आणि कडेला जे काही चुकून आलेलं असेल ते बघत बसायचे. फरशीचा तुकडा, चादरीची किनार, तांब्याचं बूड, कुणाचा तरी पाय. मग सहा इंची पट्टी मोबाईलवर आडवी धरून काहीतरी मोजायचे. त्यानंतर कुठं त्यांना आठवायचं, की समोरच्या मुलानं लसावि विचारलाय.

मी तेव्हा नुकतीच बी.एस्सी. झाले होते. धाराशिवमध्ये एका क्लासवाल्यांनी गृहपाठातल्या शंकांसाठी एक ॲप काढलं होतं. मुलं घरून पानाचा फोटो पाठवायची, आम्ही कागदावर गणित सोडवून त्याचा फोटो परत पाठवायचो. बियाण्यांच्या दुकानावरची एक लांबट खोली, दोन टेबलं, दोन माणसं, म्हणजे मी आणि काका. वेळ दुपारी चार ते संध्याकाळी आठ. प्रत्येक शंकेखाली एक बटण होतं, 'शंका मिटली'. ते दाबलं की मुलाच्या मोबाईलवर हिरवी खूण उमटायची. दहा मिनिटांत खूण उमटली पाहिजे, हा मालकांचा नियम.

मला ते काम आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. गणित यायचं, पण छेद कुठला आणि अंश कुठला हे मराठीत विचारलं की मी अडखळायचे. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत आजही क्षणभर थांबते. पहिल्या दिवशी मी 'पावणेतीन'चं सव्वातीन केलं, ते काकांनी पाहिलं, आडवी रेघ मारून वर दुरुस्त केलं आणि बाजूला आपली बारीक सही केली. मालकांना सांगितलं नाही.

ती सही करणं ही त्यांची सवय होती. ते जमीन मोजणीच्या खात्यातून रिटायर झालेले. जन्मभर साखळी ओढत लोकांचे बांध मोजत फिरले होते. त्या खात्यात खाडाखोड चालत नाही म्हणून काकांना खोडरबर चालत नसे. चुकलं की रेघ, कंस, सही. एकदा सहावीतल्या एका मुलाच्या भागाकारात त्यांनी चार ठिकाणी सह्या केल्या होत्या.

"खोडायचं न्हाय मॅडम," ते म्हणायचे. "जे होतं ते दिसलं पायजे."

शंका विचारणाऱ्या मुलाला ते खातेदार म्हणायचे आणि गणिताला जमिनीसारखं गट. "ह्या खातेदाराचा गट लई गुंत्याचा हाय, तुमी बघा जरा." उत्तर निघालं की त्याच्याखाली लाल पेनानं लिहायचे, 'हद्द कायम'. मोजणी झाली, खुणा ठोकल्या, आता वाद नाही, असा त्याचा त्यांच्या खात्यातला अर्थ. मुलांचे मेसेज यायचे, "सर, हद्द कायम म्हणजे दहापैकी किती?"

मालक वैतागायचे. वयानं काकांच्या निम्मे, पण सर म्हणवून घेणारे. "काका, छान लिहा, शाब्बास लिहा. हे काय सातबाऱ्यासारखं?"

"सातबाऱ्यावर शाब्बास लिहित्यात का कुठं?" काका विचारायचे.

त्यांची खुर्ची कायम दाराच्या चौकटीत असायची. अर्धी आत, अर्धी जिन्यावर. आत सरका म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांना ओलांडून जावं लागे. खोलीत पाऊल टाकण्याआधी ते चारही कोपऱ्यांकडं एकेकदा बघत. मी हे रोज पाहायचे आणि रोज न पाहिल्यासारखं करायचे.

त्यांच्याकडं निळ्या कापडी बांधणीचं एक रजिस्टर होतं. मला वाटायचं त्यात गणितं असतील. त्यात घरं होती. मुलांच्या फोटोंच्या कडांवरून काढलेले घरांचे नकाशे, पेन्सिलीनं, मापासकट. दार कुठं, खिडकी कुठं, चूल कुठल्या अंगाला. काही ठिकाणी छोटे गोल.

माझ्या लक्षात ते कसं आलं, ते सांगते. एकदा दोन दिवस मी घरून काम केलं. माझ्या पलंगावर बसून गणितं सोडवली, फोटो पाठवले. तिसऱ्या दिवशी ऑफिसला गेले, तर काका अगदी सहज म्हणाले, "तुमची खिडकी मावळतीला हाय. पलंग भिंतीला. अन् तुमी दाराकडं तोंड करून बसता. कुणी आलं तर आधी कळावं म्हणून."

मी दाराकडं तोंड करून बसते हे आईलासुद्धा ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून मी फोटो काढताना वहीखाली पांढरा कागद पसरायला लागले, त्याच्या कडा चारही बाजूंनी दिसतील असा.

नवव्या दिवशी काकांनी रजिस्टरमधलं एक पान फाडून माझ्या टेबलावर ठेवलं. माझी खोली होती. खिडकी, पलंग, कपाट, सगळं बरोबर. पलंगाच्या जागी एक गोल आणि त्याला दाराच्या दिशेनं एक बारीक बाण.

"घर ज्याचं त्याच्याकडं असावं," ते म्हणाले. "चुकलं माझं. ही खोड लई जुनी हाय."

मग त्यांनी न विचारता सांगितलं. एवढं सलग ते एकदाच बोलले.

"तवा म्या नुकताच नोकरीला लागलो होतो. भूकंप झाला, अन् लोहाऱ्याकडं ड्युटी लागली. पडलेल्या घरांची मोजणी. कुणाचं घर केवढं होतं, ते कागदावर घ्यायचं. आता घरच न्हाय, तर मोजणार काय? कुठं एखादा कोपरा उभा असायचा. त्या कोपऱ्यावरनं समदं घर काढायचं. घरचं माणूस संगं फिरायचं. हितं चूल होती, हितं कणगी होती. अन् मग म्हणायचं, हितं आमची आई निजली होती. खात्यात त्याला खूण न्हाय. म्या आपला गोल काढायचो. साहेबांनी विचारलं, हे गोल कसले रं? म्हणलं, खांब हायत."

ते पान मी घरी नेलं. कुठं ठेवलं ते सांगणार नाही.

त्यानंतर आमचं बरं जमलं, म्हणजे गप्प बसणं जमलं. आणि त्याच सुमारास 'सातवी ब' आली.

ॲपवर नावाच्या जागी मुलं काहीही टाकायची. कुणी 'किंग', कुणी नुसता एक वाघ. या खात्यावर 'सातवी ब' एवढंच होतं, आणि खाली गावाचं नाव, सास्तूरच्या पलीकडचं एक गाव. रोज चार वाजून दहा मिनिटांनी तिचा फोटो यायचा. उघड्या वहीची दोन्ही पानं. गणित सुबक अक्षरात उतरवून घेतलेलं, समासाची रेघ पेन्सिलीनं मारलेली, आणि गणिताखाली अर्धं पान कोरं. सोबत मेसेज कायम एकच. 'हे राहिलंय.'

"पोरगी नीटनेटकी हाय," काका म्हणाले. "गणित येईना, पण जागा सोडलीया. मागून करीन म्हणून."

मालकांचा आणखी एक नियम होता, उत्तर थेट द्यायचं नाही, आधी मुलाला प्रयत्न करायला लावायचं. मी लिहिलं, 'आधी तू करून बघ.' पाऊण तासानं फोटो आला. त्याच सुबक अक्षरात तीन ओळी लिहिलेल्या, तिन्ही चुकीच्या. मी दुरुस्त करून पाठवलं, काकांनी खाली 'हद्द कायम' लिहिलं, मी बटण दाबलं. असं आठवडाभर चाललं.

मग एक दिवस काकांनी मला बोलावलं. "मॅडम, ह्यो अंगठा बघा."

फोटोत उजव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यावर वही धरलेला अंगठा होता. मोठ्या बाईचा. पेरावर आडवी चीर, त्यात तव्याची काजळी बसलेली.

"आई धरत असेल," मी म्हणाले.

"व्हय. मग फोटो कोण काढतंय?"

"तीच. दुसऱ्या हातानं."

"बरं. दोन हात झाले. मग हे कोण धरायलंय?"

त्यांनी पट्टीचं टोक डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं. मला काही दिसलं नाही. काकांनी माझ्याकडची जाड वही घेतली, मध्यावर उघडून टेबलावर ठेवली, उजव्या पानावर अंगठा ठेवला. डाव्या पानाचा खालचा कोपरा आपोआप वर आला, वळला. त्यांनी त्यावर बोट टेकवलं, पान सपाट झालं, आणि बोटाभोवती कागदाला एक उथळ खळी पडली.

मग त्यांनी फोटो पुन्हा माझ्यासमोर धरला. पान सपाट होतं. कोपऱ्यापाशी तशीच उथळ खळी होती, तिची बारीक सावलीसुद्धा होती. बोट मात्र नव्हतं.

"काहीतरी ठेवलं असेल," मी म्हणाले.

"असतं तर दिसलं असतं."

मी मागचे सगळे फोटो काढून पाहिले. प्रत्येकात ती खळी होती. त्या संध्याकाळी मी एकटी जिना उतरले नाही. काकांची पिशवी भरून होईपर्यंत थांबले आणि चपलेचा बंद नीट करायचं नाटक केलं.

काकांनी ते घर रजिस्टरमध्ये काढलं. त्यांना फारसं शोधावं लागलं नाही. "पुनर्वसनातलं घर हाय. दोन खोल्या, पुढं ओटा. असली घरं म्या डोळे झाकून काढीन." दार उगवतीला, मागच्या भिंतीला खिडकी. वहीपाशी एक गोल काढला, ती बाई. मग थोडं थांबून वहीच्या डाव्या अंगाला आणखी एक गोल काढला, हलक्या हातानं, बाण न दाखवता.

"हा कोण?" मी विचारलं.

"खांब," काका म्हणाले.

पुढं जे झालं त्यात माझी एक चूक आहे. एका दिवशी फोटोत तो अंगठा थोडा खाली घसरलेला होता. त्याखाली नेहमी झाकलेली असायची ती जागा उघडी पडली, आणि तिथं मुलं लिहितात तसा दिनांक लिहिलेला होता. दोन वर्षांपूर्वीचा. मी तो पाहिला, मोठा करून पुन्हा पाहिला, आणि कुणालाच सांगितलं नाही. दुसऱ्याच्या घरातलं काही दिसलं की मला पहिल्यांदा डोळे फिरवावेसे वाटतात. तीन दिवस मी गणितं सोडवत राहिले आणि बटण दाबत राहिले. चौथ्या दिवशी सांगितलं.

काकांना नवल वाटलं नाही. "म्हणून अंगठा तिथं असायचा," एवढंच म्हणाले. मग रजिस्टर मिटत, "ही पोर आता न्हाय, मॅडम."

"पण काका, मी करून बघ म्हटल्यावर ते आत्ता लिहिलं. अक्षर तिचंच आहे. ते कुणी लिहिलं?"

त्यांनी पट्टी खिशात ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघांनीही ती खळी बघितली नाही.

त्यानंतर काका त्या घराकडं निराळ्या नजरेनं बघायला लागले. फोटोच्या कडेला मागं एक फळी दिसायची, तिच्यावर डबे. एक दिवस डबे नव्हते. मग फळी नव्हती, नुसती दोन खुंट्यांची भोकं. भिंतीवर फ्रेम होती ती गेली, तिच्या जागी फिकट चौकोन राहिला. काका रोज तारखेसह लिहून ठेवत. सोबत वहीची जाडीही मोजत. डावीकडं पानं किती, उजवीकडं किती.

"घर रिकामं व्हायलंय," ते म्हणाले. "अन् वही संपायलीया. दोन्ही संगंच."

"म्हणजे?"

"म्या असली माणसं बघितल्यात, मॅडम. समदं आवरून ठेवत्यात. भांडी वाटून टाकत्यात. वही हाय तवर ही बाई हाय. वही पुरी झाली, की ही काय करील, सांगा."

आम्ही तिला मेसेज केले, 'ताई, तुम्ही कोण? बऱ्या आहात का?' उत्तर आलं नाही. फोन लागायचा, कुणी उचलायचं नाही. चार वाजून दहा मिनिटांनी फोटो तेवढा यायचा.

शेवटचं गणित आलं तेव्हा उजवीकडं एकच पान उरलं होतं. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोलीत पंचवीस सेंटिमीटर बाजूच्या किती चौकोनी फरशा बसतील? मला दोन मिनिटांचं काम. काकांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"हे पुरं करायचं न्हाय."

त्यांनी पहिली ओळ लिहून पाठवली, 'लांबी आधी सेंटिमीटरमध्ये घ्या.' दुसऱ्या दिवशी त्या सुबक अक्षरात तेवढंच करून आलं. 'आता रुंदी.' तेही आलं. मग ते खुसपटं काढायला लागले. समास सोडा. आकृती काढा. आकृतीला नावं द्या. रोज फोटो यायचा, रोज थोडं पुढं गेलेलं, रोज तेच, 'हे राहिलंय.' उत्तर येऊन गेलं, एकशे ब्याण्णव, बरोबर होतं. काकांनी त्याखाली 'हद्द कायम' लिहिलं नाही आणि मला बटण दाबू दिलं नाही. शंका स्क्रीनवर लाल होऊन राहिली.

मालक वर आले. "काका, एका शंकेला तेरा दिवस?"

"हद्दीचा वाद हाय," काका म्हणाले. "तेरा वर्षं चालत्यात असले."

"अहो, फरशा मोजायच्यात, गायरान नाही! मॅडम, तुम्ही दाबा ते बटण."

मी मान खाली घातली. दाबलं नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेली बंडखोरी ती एवढीच.

त्याच दिवशी चार-दहाला फोटो आला. अंगठा नव्हता. दिनांक उघडा होता. वहीभोवती काहीच नव्हतं, चटई नाही, तांब्या नाही, भिंतीपर्यंत नुसती झाडलेली फरशी. डावा कोपरा सपाट. मेसेज पहिल्यांदाच वेगळा होता. 'सर आता तरी लिहा.'

काका उठून उभे राहिले. "उद्या सकाळी निघायचं. तुमी येता का? दारात बाईमाणूस असलेलं बरं."

मी अनोळखी घरी कधी जात नाही. ओळखीच्याही फारशी जात नाही. हो म्हणाले.

एसटीनं सास्तूरपर्यंत आणि तिथून जीपनं. उतरलो तेव्हा दुपार टळत आली होती. गाव म्हणजे सरळ ओळी, सरळ रस्ते, आणि एकसारखी घरं, शे-दीडशे तरी असतील. काका कुणाला विचारायला थांबले नाहीत. "ह्या प्लॉटांच्या खुंट्या ठोकल्या तवा म्याच पट्टी धरली होती," म्हणाले, आणि रजिस्टर उघडून उन्हाची दिशा आणि फोटोतल्या खिडकीतून दिसायची ती पाण्याची टाकी बघत चालायला लागले. चौथी ओळ, शेवटून तिसरं घर. दार उगवतीला.

दारात टेम्पो उभा होता. त्यात पलंग, कणगी, ती फळी, ते डबे, आणि कापडात गुंडाळलेली एक फ्रेम. ओट्यावर एक माणूस डोक्याला हात लावून बसला होता.

"तुमी मोबाईलवाले सर का?" तो एकदम उठला. "बघा की ओ हिला काहीतरी सांगून. भाऊ हाय म्या हिचा. उमरग्याला न्यायला आलोय, आमच्याकडं राहील म्हणून. दोन वेळा टेम्पो माघारी लावला हिनं. म्हणती, वही राहिलीया."

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चुकीच्या बांधावर जन्मभर खुणा ठोकल्याचं कुणी दाखवून दिल्यावर माणूस जसा दिसेल, तसा तो दिसत होता.

आत ती बाई बसली होती. पस्तिशीची असेल. अंगठ्यावरची चीर मी लगेच ओळखली. खोली पूर्ण रिकामी. समोर जमिनीवर उघडी वही. काकांनी उंबऱ्यातूनच नमस्कार केला. मी आत गेले आणि मोकळी जागा बघून वहीच्या डाव्या बाजूला बसायला वाकले.

"तिथं नगं, मॅडम," बाई हळूच म्हणाली. "हिकडं या."

मी उजवीकडं बसले.

ती शांतपणे बोलत होती, बाजाराचं सांगावं तसं. मुलगी दोन वर्षांपूर्वी गेली. तापानं. "तापात एकच घेऊन बसली होती. आई, वही अपुरी हाय, सोमवारी तपासणी हाय. म्हणलं, बरी झाल्यावर कर. बरी कुठं झाली." त्यानंतर काही दिवसांनी शाळा सुटायच्या वेळेला ती येऊन बसायला लागली. "रोज चारला येती. वहीपाशी बसती, कोपरा धरून. मला गणित कुठलं येतंय? चौथीत शाळा सुटली माझी. मग शेजारच्या पोरानं हे मोबाईलचं दाखवलं."

"आणि अक्षर?" मी विचारलं.

"तिच्या अक्षरावर गिरवून गिरवून. तिची वही, तर तिच्याच अक्षरात नगं का?"

मी पानं मागं उलटून पाहिली. सोडलेल्या प्रत्येक जागी उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तराखाली त्या सातवीतल्या मुलीच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'हद्द कायम'.

"मला वाटलं, तपासलं की असंच लिहित्यात," बाई म्हणाली.

काका उंबऱ्यातच उभे होते. "ताई, म्या मुद्दाम लिहिलं न्हाय. मला वाटलं, वही संपली की तुमी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

बाईला ते कळलं असावं. ती रागावली नाही. "तुमी लिहिना, अन् ती उठंना, सर. तेरा दिवस झाले. तिला हितं अपुरं सोडून म्या भावाकडं कशी जाऊ? घराला कुलूप लावलं, अन् ती आत बसून ऱ्हायली तर?"

बाहेर टेम्पोचा ड्रायव्हर कुणाशीतरी मोठ्यानं हसत होता. माझ्या हातातल्या मोबाईलवर चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. दारातून वारा आत आला. उजवं पान फडफडलं, मी ते हातानं धरलं. डाव्या पानाची वरची कड उचलली गेली, थरथरली. खालचा कोपरा हलला नाही. मी अगदी जवळ होते. कागदाला पडलेली खळी मला फोटोतल्यापेक्षा स्पष्ट दिसत होती. काजूच्या टोकाएवढी. लहान बोटाची.

काका आत आले. कोपऱ्यांकडं न बघता आले, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. चप्पल बाहेर काढून, गुडघे टेकून बसले, खिशातला लाल पेन काढला. एकशे ब्याण्णवच्या खाली लिहिताना 'हद्द'चा द्द वेडावाकडा आला. त्यांनी रेघ मारून दुरुस्त केला नाही. खाली सही केली. बाईनं वरच्या कोपऱ्यातल्या दिनांकाकडं बोट दाखवलं. काकांनी तोच दिनांक सहीखाली पुन्हा लिहिला.

मी दुसऱ्या हातातल्या मोबाईलवर बटण दाबलं. बाईच्या पदराखालच्या मोबाईलची बारीक घंटी वाजली.

"झालं बघ," बाई डावीकडं वळून म्हणाली. "पुरी झाली. सरांनी सही केली. ऊठ आता."

वारा थांबलेला होता. उजवं पान माझ्या हाताखाली पडून होतं. डाव्या पानाचा खालचा कोपरा हळूच सुटला, वर आला आणि वळला.

काका गुडघ्यांवरच मागं सरकले आणि दारातून वाट मोकळी करून दिली.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. काका खिडकीबाहेर बघत होते. सास्तूर मागं पडल्यावर त्यांनी रजिस्टर मांडीवर घेतलं आणि त्या घराचं पान उघडलं. दोन खोल्या, ओटा, दार उगवतीला. वहीपाशी दोन गोल.

"मॅडम," ते म्हणाले, "खोडरबर हाय का?"

माझ्या पर्समध्ये होतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, जणू कुठून धरायचं हे ठाऊक नसावं. मग डावीकडचा गोल पुसला. सावकाश, गाडीच्या धक्क्यात पान फाटू नये म्हणून दुसऱ्या हातानं कोपरा दाबून. फुंकर मारून कण उडवले, आणि पुसलेल्या जागेशेजारी सही केली नाही.